जलवाहिनीवरील झडपा : प्रकार, गुणदोष आणि खंडित पाणीपुरवठ्यातील त्यांचे वर्तन

सारांश

पाणीपुरवठा योजनेच्या चर्चेत धरण, जलशुद्धीकरण केंद्र, पंप आणि उंच टाकी यांना जे स्थान मिळते ते जलवाहिनीवरील झडपांना मिळत नाही. वस्तुतः पाणी कोणाला, केव्हा, किती दाबाने आणि कितपत शुद्ध मिळेल हे बऱ्याच अंशी झडपांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात पाणीपुरवठ्यात वापरल्या जाणाऱ्या प्रमुख झडपांची रचना, कार्य आणि गुणदोष यांचा परामर्श घेतला आहे. झडपेचे गुणदोष तिच्या रचनेतच पूर्णपणे सामावलेले नसतात. पुरवठा अखंड आहे की खंडित, यावर ते बदलतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : झडप, स्लूस व्हॉल्व्ह, जलाघात, हवा-झडप, खंडित पाणीपुरवठा, व्हॉल्व्हमन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आणि गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. कोठे ते दिवसातून दोन तास येते, कोठे दिवसाआड, तर उन्हाळ्यात कोठे आठवड्यातून एकदा. या वेळापत्रकाची अंमलबजावणी कोणत्याही संगणकाने होत नाही. ती ग्रामपंचायतीचा अथवा नगरपालिकेचा कर्मचारी टी-आकाराची लांब लोखंडी चावी रस्त्यातील चेंबरमध्ये घालून करतो. गावोगावी त्याला व्हॉल्व्हमन म्हणतात, मुंबईत चावीवाला. मुंबईच्या पाणीपुरवठ्यावर लिसा ब्यॉर्कमन (२०१५) आणि निखिल आनंद (२०१७) यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून समाजशास्त्रज्ञांचे लक्ष या विषयाकडे वळले आहे. तथापि ज्या वस्तूवर ही चावी फिरते तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

‘व्हॉल्व्ह’ हा शब्द लॅटिनमधील ‘व्हाल्व्हा’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ दाराचे पान असा आहे. मराठीतील ‘झडप’ हा शब्दही दाराखिडक्यांच्या पानांसाठीच रूढ होता, हा योग लक्षणीय आहे. रोमन लोक आपल्या शिशाच्या नळांवर काशाच्या फिरत्या तोट्या बसवत असत. म्हणजे ही कल्पना किमान दोन हजार वर्षे जुनी आहे. आज झडपांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतील. तेल, वायू व वाफ यांच्या वाहिन्यांवरील झडपांचे शास्त्र स्वतंत्रच आहे. येथे केवळ पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्यांवरील झडपांचा विचार केला आहे.

कार्याच्या दृष्टीने झडपेला चारपैकी एखादे काम करावे लागते : प्रवाह पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू करणे, प्रवाहाचे वा दाबाचे नियमन करणे, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणे आणि वाहिनीचे संरक्षण करणे. पहिल्या कामासाठी बनवलेली झडप दुसऱ्या कामास लावणे, हा आपल्याकडील बहुतेक तक्रारींचा उगम आहे.

स्लूस व्हॉल्व्ह

पाणीपुरवठ्यात सर्वाधिक आढळणारी झडप म्हणजे स्लूस व्हॉल्व्ह, अर्थात गेट व्हॉल्व्ह. बिडाच्या कवचात एक पाचरीच्या आकाराचे दार असते. स्पिंडल फिरवला की आट्यांवरून हे दार वर चढते किंवा खाली उतरते. दार आणि कवच जेथे एकमेकांस टेकतात तेथे गनमेटलच्या कड्या बसवलेल्या असतात. भारतात या झडपांसाठी भारतीय मानक १४८४६ (सन २०००) लागू आहे.

या झडपेचा सर्वांत मोठा गुण असा की ती पूर्ण उघडली असता पाण्याच्या मार्गात जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे दाबाचा ऱ्हास नगण्य असतो. पाणी दोन्ही दिशांनी जाऊ शकते. तिची संथ गती हादेखील गुणच मानला पाहिजे. ३०० मिलिमीटर व्यासाची झडप पूर्ण बंद करण्यास चावीचे सुमारे ४० फेरे लागतात. व्हॉल्व्हमनला ते कष्टाचे वाटते, परंतु त्यामुळेच प्रवाह अचानक थांबण्याचा धोका टळतो. त्या धोक्याचा विचार पुढे केला आहे.

दोषांपैकी पहिला दोष दाराखालच्या खाचेचा. पारंपरिक रचनेत दार खालच्या खाचेत जाऊन बसते. त्या खाचेत वाळू, गंज, जोडकामातून पडलेले तुकडे साठतात आणि दार शेवटपर्यंत उतरत नाही. दुसरा दोष बळाचा. ६०० मिलिमीटर व्यासाच्या बंद दारावर एका बाजूने ६० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर त्या दारावरील एकूण भार सुमारे १७ टन भरतो. एवढ्या भाराने खाचेवर दाबले गेलेले दार माणसाच्या हाताने उचलणे दुरापास्त असते. म्हणून मोठ्या झडपांना शेजारी लहान बाह्यवळण-झडप देतात. ती आधी उघडून दोन्ही बाजूंचा दाब समान केला जातो. ही लहान झडप नादुरुस्त राहिली की चावीला लांब पाइप लावून दोघे-तिघे जोर करतात आणि स्पिंडल पिळवटतो. अलीकडे रबराचे आवरण असलेल्या दाराच्या झडपा आल्या आहेत. त्यांचा तळ सपाट असल्याने खाच नसते, गाळ साचत नाही आणि बंद झाल्यावर गळती राहत नाही. मात्र रबर फाटले की दार बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा असून तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. स्लूस व्हॉल्व्ह ही नियमनाची झडप नाही. तरीही ‘त्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्धा ठेवा’ अशा सूचना रोज दिल्या जातात. त्यांचा परिणाम आकडेमोडीने तपासता येतो. २०० मिलिमीटर व्यासाची एक किलोमीटर लांब वाहिनी घेतली, तर तिच्यातील घर्षणाने होणारा ऱ्हास वेगशीर्षाच्या साधारण १०० पट असतो. येथे वेगशीर्ष म्हणजे पाण्याच्या वेगातील ऊर्जा, उंचीच्या मापात मांडलेली. पूर्ण उघड्या स्लूस व्हॉल्व्हचा ऱ्हास याच मापात सुमारे ०.२, अर्ध्या उघड्या झडपेचा २ ते ५ आणि तीन-चतुर्थांश बंद झडपेचा १७ ते २४ असतो. १०० मध्ये २ किंवा ५ मिळवल्याने प्रवाह एक ते अडीच टक्क्यांनी घटतो. झडप तीन-चतुर्थांश बंद केली तरी ही घट सात ते दहा टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे ‘अर्धा व्हॉल्व्ह’ हा पाण्याच्या दृष्टीने पूर्ण व्हॉल्व्हच होय.

यातून दोन गोष्टी घडतात. जेथे पाणी कमी सोडल्याचे समजले जाते तेथे ते कमी होत नाही, आणि वाहिनीच्या टोकाशी राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा पूर्वीप्रमाणेच बुडतो. मग तक्रार वाढल्यावर झडप शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत आवळली जाते. तेथे मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक प्रवाह झपाट्याने घटतो, अरुंद फटीतून पाणी प्रचंड वेगाने जाते, दार थरथरते आणि गनमेटलच्या कड्या झिजतात. काही महिन्यांनी ही झडप पूर्ण बंद करण्याचे तिचे मूळ कामही करू शकत नाही. या झडपेची रचना क्वचित हाताळणीसाठी आहे. खंडित पुरवठ्यात ती दिवसातून दोनदा फिरवली जाते आणि वर नियमनासाठीही वापरली जाते. दोष निर्मात्याच्या माथी मारला जातो, परंतु तो पुष्कळदा उपयोगाचा असतो.

बटरफ्लाय व्हॉल्व्ह

या झडपेत नळाच्या मध्यभागी एक गोल चकती आडव्या अथवा उभ्या आसावर बसवलेली असते. चकती पाव फेरा फिरली की मार्ग पूर्ण उघडतो. साधारण ३०० ते ४०० मिलिमीटरपुढे स्लूस व्हॉल्व्हचे वजन व किंमत झपाट्याने वाढत जाते. बटरफ्लाय व्हॉल्व्ह त्या मानाने हलका, आखूड व स्वस्त पडतो आणि त्याचे चेंबरही लहान लागते. चकतीच्या दोन अर्धांवरील दाब आसाभोवती एकमेकांना बहुतांशी तोलून धरत असल्याने तो फिरवण्यास तुलनेने कमी बळ लागते. मोठ्या वाहिन्यांवर आज हाच प्रकार प्रामुख्याने दिसतो. त्याचे मानक १३०९५ या क्रमांकाचे आहे.

मात्र चकती पूर्ण उघडी असतानाही प्रवाहातच उभी राहते. त्यामुळे थोडा ऱ्हास कायम होतो, चिंध्या व मुळ्या तिच्याभोवती गुंडाळल्या जातात आणि नळ साफ करणारी उपकरणे आतून पार नेता येत नाहीत. कडेचे रबर कच्च्या, गाळयुक्त पाण्यात लवकर झिजते. म्हणून धरणापासून शुद्धीकरण केंद्रापर्यंतच्या वाहिनीवर या झडपेची निवड विचारपूर्वक करावी लागते. चकती मधल्या कोनांत ठेवून प्रवाहाचे नियमन करता येते आणि त्या बाबतीत ती स्लूस व्हॉल्व्हपेक्षा निश्चितच सरस आहे. परंतु चकती जवळजवळ मिटलेल्या स्थितीत फार काळ ठेवली, तर तिच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू कुरतडला जातो. तिचा पाव फेरा ही सोय आहे आणि जोखीमही. गिअरपेटीशिवाय केवळ दांड्याने चालणारी झडप एका झटक्यात बंद होऊ शकते.

जलाघात आणि त्याचे गणित

वाहिनीतील पाणी म्हणजे धावते वजन होय. ते एकाएकी अडवले की त्याची गतिज ऊर्जा दाबाच्या लाटेत रूपांतरित होते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून या घटनेचे सूत्र मांडले. ही लाट पोलादी नळात सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगाने धावते. सूत्रानुसार, सेकंदाला केवळ १ मीटर वेगाने वाहणारे पाणी क्षणात थांबले तर मूळ दाबावर आणखी सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब चढतो. पीव्हीसी नळात लाटेचा वेग ३०० ते ४०० मीटर असल्याने ही वाढ ३० ते ४० मीटर असते. पण सहा किलो दाबाच्या, म्हणजे सुमारे ६० मीटर सहन करणाऱ्या पीव्हीसी नळात आधीच ४० मीटर दाब असेल, तर तेवढी वाढही मर्यादा ओलांडते.

‘क्षणात’ याचा अर्थ वाहिनीच्या लांबीवर ठरतो. लाट वाहिनीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात झडप बंद झाली की पूर्ण आघात बसतो. १० किलोमीटरच्या पोलादी वाहिनीत हा वेळ २० सेकंद आहे. अर्थात लांब वाहिनीवर १५ सेकंदांत ‘सावकाश’ बंद केलेली झडपही पाण्याच्या लेखी अचानकच बंद झालेली असते.

ग्लोब आणि बॉल व्हॉल्व्ह

ग्लोब व्हॉल्व्हमध्ये पाण्याला दोन वळणे घेऊन वर चढून खाली उतरावे लागते. त्यामुळे पूर्ण उघड्या स्थितीतही ऱ्हास वेगशीर्षाच्या सुमारे १० पट, म्हणजे स्लूस व्हॉल्व्हच्या पन्नास पट असतो. या मोबदल्यात नियमन अचूक होते. मोठ्या वितरण वाहिनीवर तो परवडत नाही, परंतु दाब-नियंत्रक झडपांचे कवच बहुधा याच घडणीचे असते. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा पाव फेरा फिरतो. तो पूर्ण बंद होतो, ऱ्हास नाममात्र असतो आणि लहान व्यासात स्वस्त पडतो. घरगुती जोडणीवर तो सर्वोत्तम होय. खेड्यांतील छोट्या योजनांमध्ये मात्र मुख्य वितरण वाहिनीवरही प्लास्टिकचे बॉल व्हॉल्व्ह बसवले जातात. उन्हाने ठिसूळ झालेली त्यांची मूठ हाती येते, आणि ती शाबूत असेल तोवर एका हिसक्यात पाणी बंद करण्याचा मोह कोणासही आवरत नाही. त्यातून पीव्हीसीचे सांधे निखळतात. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून अशा वाहिन्यांची लांबी खेडोपाडी फार वाढली आहे, म्हणून हा मुद्दा किरकोळ राहिलेला नाही.

परतरोधक झडप

विहिरीवर मोटार असलेल्या शेतकऱ्याला या झडपेची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. त्याचा ‘फुटव्हॉल्व्ह’ ही परतरोधक झडपच असते. तिच्यात पाला अडकला की शोषण-नळातील पाणी विहिरीत उतरते आणि पंपात बादलीने पाणी ओतत बसावे लागते.

सार्वजनिक योजनेत ही झडप पंपाच्या पुढे, ऊर्ध्ववाहिनीच्या आरंभी असते. वीज गेली की पंप थांबतो, पुढे निघालेले पाणी क्षणभर स्थिरावते आणि मग उतारावरून उलट फिरते. नेहमीच्या बिजागरी पद्धतीच्या झडपेत (मानक ५३१२) जड पाते असते. ते मिटण्यास काही अवधी लागतो. तोवर परतीच्या प्रवाहाने वेग घेतलेला असतो आणि पाते त्या प्रवाहासह आपटते. पंपगृहात ऐकू येणारा तो दणका म्हणजे वर वर्णिलेला जलाघातच असतो. साधी रचना, कमी किंमत आणि थोडी देखभाल हे या झडपेचे गुण आहेत, पण लांब व उंच चढाच्या वाहिनीसाठी ती एकटी पुरेशी नाही. २००० च्या दशकात भारनियमनाच्या काळात ग्रामीण भागातील पंप दिवसातून अनेकदा बंद पडत असत. प्रत्येक भारनियमन हा वाहिनीवरील एकेक प्रहार होता, हे त्या काळातील नळफुटीच्या चर्चेत क्वचितच आले.

यावर उपाय म्हणून दोन पात्यांची स्प्रिंगयुक्त झडप किंवा शून्यवेग झडप वापरतात. शून्यवेग झडपेतील स्प्रिंगा पुढे जाणारा वेग घटत असतानाच पात्याला मिटवत आणतात. वेग शून्य होतो त्याच क्षणी मार्ग बंद होतो, त्यामुळे उलट प्रवाहाला वेग घेण्यास वावच मिळत नाही. लांब ऊर्ध्ववाहिनीवर ती मध्येही बसवून पाण्याच्या स्तंभाचे तुकडे पाडता येतात. स्प्रिंगांमुळे कायमचा थोडा ऱ्हास होतो आणि विजेचा खर्च किंचित वाढतो, हा तिचा दोष. फुटलेल्या वाहिनीच्या खर्चापुढे तो क्षम्य ठरावा.

हवा-झडप : सर्वांत उपेक्षित, सर्वांत निर्णायक

वाहिनी जमिनीच्या चढउतारांनुसार जाते. उंचवट्यांवर हवा साठते आणि पाण्याचा मार्ग अरुंद करते. ही हवा बाहेर जाण्यासाठी उंचवट्यावर हवा-झडप (मानक १४८४५) असते. आत एक तरंगता गोळा असतो. हवा असेल तेव्हा तो खाली राहून छिद्र मोकळे ठेवतो, पाणी आले की वर तरंगून छिद्र बंद करतो. तिचे दुसरे काम याच्या उलट आहे. वाहिनी रिकामी होत असताना बाहेरची हवा आत घेणे आणि निर्वात पोकळी होऊ न देणे हे ते काम होय. मोठ्या व्यासाच्या पातळ पोलादी वाहिन्या पोकळीमुळे चेपल्या जाऊ शकतात. ही दोन्ही कामे करणारी झडप स्थूल अंदाजाने वाहिनीच्या व्यासाच्या एक-अष्टमांश असावी असा संकेत आहे.

अखंड पुरवठ्यात वाहिनी सदैव भरलेली असते. तेथे हवा-झडपेला किरकोळ बुडबुडे सोडण्यापलीकडे फारसे काम नसते. खंडित पुरवठ्यात ती रोज रिकामी होते आणि रोज भरते. पाणी सोडल्यावर पहिली काही मिनिटे नळातून फुसफुस आवाज करत हवा येते, मीटर असल्यास तो हवेनेही फिरतो आणि नागरिक हवेचे देयक भरल्याची तक्रार करतात. ती तक्रार सर्वस्वी निराधार नसते.

खरा धोका वाहिनी रिकामी होताना असतो. उतारावरील घरांचे नळ पाणी ओढत राहतात, वरच्या भागात दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो आणि हवा-झडप बंद, गंजलेली वा अपुरी असेल तर वाहिनी मिळेल तेथून हवा ओढते. सैल सांधा आणि जुन्या जोडणीचा गंजलेला नळ ही ती ठिकाणे. तो सांधा गटाराशेजारी असेल तर हवेऐवजी सांडपाणी आत येते. काही ग्राहक नळाला थेट मोटार लावून पाणी खेचतात, तेव्हा याच परिणामाची तीव्रता वाढते. विशेष म्हणजे सुस्थितीतील हवा-झडपही येथे घातक ठरू शकते. तिचे चेंबर पावसाच्या अथवा गटाराच्या पाण्याने तुडुंब भरलेले असेल, तर ती इमानेइतबारे आपले काम करते आणि चेंबरमधले पाणी वाहिनीत घेते. चेंबरला निचरा असणे ही म्हणूनच केवळ स्वच्छतेची बाब नव्हे.

या संदर्भात हुबळी-धारवाड येथील अभ्यास उद्बोधक आहे. तेथे काही प्रभागांत चोवीस तास पुरवठा सुरू झाला आणि उर्वरित शहरात जुनी खंडित पद्धत राहिली. पाण्याचा उगम आणि शुद्धीकरण यांत फरक नसल्याने तुलना शक्य झाली. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कम्पेल व कारा नेल्सन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, खंडित पुरवठ्यातील नळांच्या सुमारे ३२ टक्के नमुन्यांत विष्ठाजन्य दूषिततेचे निदर्शक ई. कोलाय जिवाणू आढळले. अखंड पुरवठ्यात हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. या फरकास साठवणीसारखी इतरही कारणे आहेत. परंतु वाहिनी रिकामी होताना बाहेरचे पाणी आत येणे हे त्यांतील एक मान्य कारण आहे.

हवा-झडपेची आणखी एक बाजू सामाजिक आहे. गावोगाव जाणाऱ्या प्रादेशिक योजनांच्या वाहिन्यांवरील हवा-झडपा दुष्काळात पाणवठे बनतात. गळणाऱ्या झडपेखाली हंडे लागतात. गळती नसेल तर केली जाते. हे नुकसान कायद्याच्या भाषेत तोडफोड ठरते. परंतु ज्या वस्तीच्या शिवारातून वाहिनी जाते त्या वस्तीला तिच्यातून जोडणी नसेल, तर झडपेभोवती कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही. जोडणी देणे हाच तेथे स्वस्त उपाय असतो.

धुलाई, दाब-नियंत्रण आणि तरंगती झडप

वाहिनीच्या सखल बिंदूंवर गाळ बाहेर काढण्यासाठी धुलाई-झडप असते. तिची रचना स्लूस व्हॉल्व्हचीच. तिच्याविषयी एवढेच सांगणे पुरे की तिचा मुखनळ नाल्यात बुडालेला नसावा.

दाब-नियंत्रक झडप पुढील भागात ठरवलेला दाब राखते. डोंगरउतारावर वसलेल्या वस्त्यांत ती अत्यावश्यक आहे, कारण तेथे उतारावरील घरांना अतिरिक्त दाब आणि चढावरील घरांना कोरडे नळ अशी स्थिती असते. केंद्रीय नियमपुस्तिकेने १९९९ मध्ये एकमजली इमारतीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर व तीनमजलीसाठी १७ मीटर असा किमान दाब सांगितला होता. दाब निम्मा केला तर वाहिनीतील गळती सुमारे ३० टक्क्यांनी घटते, प्लास्टिक नळांच्या चिरांतून होणारी तर त्याहून अधिक. मात्र ही झडप महाग आहे. तिच्या नियंत्रक नळ्या बारीक असून गाळाने तुंबतात, जाळी वरचेवर साफ करावी लागते, आणि वाहिनी रोज रिकामी होत असेल तर प्रत्येक भरणीच्या वेळी ती काही काळ अस्थिर वागते. अखंड पुरवठ्याचा निर्णय न घेता केवळ अशा झडपा खरेदी करणे हा पैशाचा अपव्यय होय.

तरंगती झडप म्हणजे घरोघरचा बॉलकॉक (मानक १७०३). तिचे गुणदोष सर्वपरिचित आहेत. खंडित पुरवठ्यात ती नसलेली प्रत्येक टाकी पाणी येण्याच्या मोजक्या वेळात ओसंडून वाहते, आणि तेवढा वाटा टोकाच्या घराचा कमी होतो. काही शे रुपयांची ही झडप सक्तीची करण्यासाठी स्थानिक संस्थेला निधीची वाट पाहावी लागत नाही.

झडपांची संख्या, स्थान आणि नोंद

कऱ्हाडलगतच्या मलकापूरने २००० च्या दशकाच्या अखेरीस मीटरसह चोवीस तास पुरवठा सुरू केला, तेव्हा तो लहान नगरांनाही शक्य असल्याचे दिसले. अशा व्यवस्थेत स्लूस व्हॉल्व्ह पुन्हा आपल्या मूळ कामाकडे परततो : एरव्ही उघडा राहणे आणि दुरुस्तीच्या वेळी तेवढाच भाग तोडणे. हे साधण्यासाठी झडपा योग्य जागी हव्यात. तीन वाहिन्या जेथे मिळतात तेथे तीन झडपा असल्यास कोणतीही एक वाहिनी स्वतंत्रपणे बंद करता येते. काटकसरीने दोनच बसवल्या तर एका वाहिनीच्या दुरुस्तीसाठी सांध्यावरील तिन्ही वाहिन्यांचे पाणी बंद ठेवावे लागते. आणि बसवलेल्या झडपांपैकी एखादी बंदच होत नसेल तर तिच्या मागची, तीही होत नसेल तर त्याच्याही मागची, असे करत एका गल्लीच्या गळतीसाठी अर्धे गाव कोरडे राहते.

झडप बंद न होण्याची कारणे बहुधा साधी असतात. रस्त्याच्या डांबरीकरणात चेंबरची झाकणे गाडली जातात. काही जुन्या झडपा उलट दिशेने बंद होतात, हे नव्या कर्मचाऱ्यास ठाऊक नसते आणि तो उघडी झडप अधिक उघडण्यासाठी जोर करून स्पिंडल तोडतो. वर्षानुवर्षे न हललेली झडप गंजाने जागीच धरते. म्हणून प्रत्येक झडप वर्षातून किमान एकदा पूर्ण मिटवून पुन्हा उघडावी असा दंडक आहे. खरेदीच्या निविदांमध्ये झडपेचा व्यास आणि दाबवर्ग काटेकोर लिहिलेले असतात. ती दिवसातून किती वेळा फिरवली जाणार, अर्धवट स्थितीत ठेवली जाणार काय, पाणी कच्चे की शुद्ध, हे रकाने मात्र सहसा नसतात, आणि झडपेचे आयुष्य त्यांवरच ठरते.

या सर्व माहितीचा खरा साठा व्हॉल्व्हमनच्या स्मरणात असतो. त्याची नियुक्ती बहुधा तुटपुंज्या मानधनावर असते आणि तो निवृत्त झाला की नकाशाही त्याच्याबरोबर जातो. प्रत्येक झडपेस क्रमांक, तिचे स्थान जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून मोजलेल्या अंतरासह, बंद होण्याची दिशा आणि पूर्ण बंद होण्यास लागणारे फेरे एवढी नोंद एका वहीत ठेवली तरी बरेच काही साधते. यांतील फेऱ्यांचा आकडा विशेष उपयुक्त आहे. ४० फेऱ्यांची झडप ३२ व्या फेऱ्यास अडली, तर दाराखाली गाळ अथवा दगड आहे. अशा वेळी जोर न करता दार थोडे उचलावे, फटीतून वेगाने जाणाऱ्या पाण्याने खाच धुऊन निघू द्यावी आणि पुन्हा उतरवावे. फेरे ४० च्या पुढे जाऊनही चावी फिरतच राहिली, तर आटे झिजलेले आहेत किंवा स्पिंडल दारापासून सुटला आहे, आणि दार बहुधा आतच मधोमध लटकलेले आहे.